तिसरा ठोका

ही गोष्ट मी सांगू नये असं मला बजावलं आहे. मागे ती धाकट्या मावसबहिणींना सांगितली, तर त्यानंतर घरात कुणी मोठ्यांचं सरळ ऐकेना. म्हणून हळू आवाजात सांगते.

एका राज्यात एक नगारा होता. राजाला हुकूम काढायचा असला, की त्याने चौकात येऊन तो मोठ्याने सांगावा आणि नगाऱ्यावर दोन ठोके मारावे, अशी रीत होती. तिसरा ठोका प्रजेचा. चौकातल्या कुणीही पुढे व्हावं, टिपरू उचलावं आणि ठोका द्यावा. मग तो हुकूम साऱ्या राज्याचा होई. सूर्य मावळेपर्यंत कुणीच पुढे आलं नाही, तर हुकूम परत जाई, आणि परत गेलेला हुकूम देणाऱ्याला एकट्याला पाळावा लागे. तसं नगारा करवूनच घेई. त्याच्यात तेवढी जादू होती.

त्या राज्याचा राजा सुप्रतीक मनाने चांगला होता, पण त्याला धीर नव्हता. प्रजेची प्रकृती सुधारावी म्हणून त्याने एकदा हुकूम काढला, की सर्वांनी रोज कारलं खावं. दोन ठोके मारून तो वाट बघत राहिला. सगुणा कुंभारीण पुढच्याच रांगेत होती. ती हाताची घडी घालून उभी राहिली, आणि तिच्याकडे बघून सगळ्यांनी घड्या घातल्या. सूर्य मावळला. तेव्हापासून राजा एकटाच रोज कारलं खाऊ लागला. त्याची कन्या हेमांगी समोर बसून आमरस खाई आणि हसू दाबी.

राजाला हे फार लागलं. एवढ्यात धूम्रकेश नावाचा मांत्रिक दरबारी आला. त्याने एक काळा नगारा आणला होता. त्यावर दोन ठोके मारले, की तिसरा आपोआप वाजे. राजा हरखला. त्याने जुना नगारा तळ्यात टाकवला आणि टिपरू रानात भिरकावलं.

आरंभी सारं गोड झालं. राजाने हुकूम काढला, रस्ते झाडले गेले. हुकूम काढला, भांडणं मिटली. पण एके दिवशी प्रधानाने कुठल्याशा बेताला नाही म्हटलं, आणि राजाने रागाच्या भरात हुकूम काढला, की या राज्यात कुणीही ‘नाही’ किंवा ‘नको’ म्हणायचं नाही. काळा नगारा आपोआप वाजला. त्या क्षणी ते दोन्ही शब्द सगळ्यांच्या जिभेवरून उडून गेले.

धूम्रकेश याचीच वाट बघत होता. तो म्हणाला, “महाराज, येत्या पौर्णिमेला हे राज्य मला द्याल?”

राजाने तोंड उघडलं. जीभ वळवळली. आपणही या राज्यातच राहतो, हे राजा विसरला होता.

“हो,” राजा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

हेमांगी बागेत जाऊन बसली. राज्य गेलं, की माणसंही मांत्रिकाची होणार आणि त्यांना हूं की चूं करता येणार नव्हतं. तेवढ्यात सीमेपलीकडून एक साळुंकी उडत आली. ती त्या राज्यातली नव्हती, म्हणून तिच्या चोचीत तो शब्द शाबूत होता. हेमांगीने विचारलं, “आमच्या वतीने तू म्हणशील तो शब्द?”

“नाही,” साळुंकी म्हणाली. “ज्याचा त्यानेच म्हणायचा असतो. नगारा तळ्यात आहे, टिपरू रानात आहे, आणि तिसरा हात चौकात आहे. तिन्ही एकत्र आण.”

हेमांगी तळ्यावर गेली. नगाऱ्यावर एक मगर पहुडली होती. तिने अदबीने विचारलं, “राजकन्ये, खाऊ का तुला?”

“हो,” हेमांगी म्हणाली, कारण दुसरं काही म्हणता येत नव्हतं. मग जरा विचार करून म्हणाली, “पण आधी दात घासून ये.”

मगरीला ते पटलं. ती काठावरची बाभळीची काडी घेऊन बसली. मगरीला दात फार. हेमांगी नगारा घेऊन निघून गेली तरी तिची एक बाजूही झाली नव्हती.

रानात टिपरू रुजून त्याचं झाड झालं होतं. हेमांगीने टिपरू म्हणून एक फांदी मागितली, झाडाने ती दिली, आणि मग मुळांनी तिच्याभोवती कुंपण घातलं. “मला करमत नाही,” झाड म्हणायला गेलं, पण त्यालाही ते म्हणता आलं नाही. ते म्हणालं, “मी एकटं आहे. माझ्यापाशी राहशील?”

“हो,” हेमांगी म्हणाली. “पण तुझ्या सावलीत राहीन. सावली जाईल तिथे मला जाऊ दे.”

झाड आनंदाने कबूल झालं. ऊन कललं, सावली लांबली, कुंपणावरून पुढे सरकली, आणि तिच्याबरोबर चालत चालत हेमांगी रानाबाहेर पडली. जाताना तिने झाडाला पुन्हा भेटायला येईन असं सांगितलं, आणि ते खरं होतं.

गावात शिरताच तिने हे सगळं सगुणाला सांगितलं. सगुणा पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ‘हो, पण’ हे दोन शब्द घरोघर पोचले होते.

पौर्णिमेला चौक भरला. जुना नगारा बघून धूम्रकेशाने नेहमीप्रमाणे विचारलं, “हा मला देशील?”

“हो,” हेमांगी म्हणाली. “पण ठोकून घ्या.”

“मडकंसुद्धा माणूस ठोकून घेतो,” सगुणाने मागून री ओढली. “का मांत्रिकाला तेवढंही कळेना?”

धूम्रकेशाला टोमणा झोंबला. त्याने टिपरू उचललं आणि गरजला, “आजपासून हे राज्य माझं, आणि सर्वांनी मुकाट राहावं!” त्याने दोन ठोके मारले आणि सवयीने वाट बघत थांबला. तिसरा काही वाजेना.

“तू मार,” तो सगुणाला म्हणाला.

“हो, मारते की. पण भट्टीतली मडकी तेवढी काढून येते.”

“मग तू.”

“हो, पण म्हैस पिळायची आहे, धनी.”

कुणी पोळी उलटायला गेलं, कुणी बाळाला झोका द्यायला. राजाला विचारलं, तर तो म्हणाला, “हो, पण आधी माझं कारलं खाऊन होऊ दे.” चौक भरलेला होता, सगळे हो म्हणत होते, आणि एकही हात पुढे येत नव्हता.

सूर्य मावळला. हुकूम परत गेला. धूम्रकेश मुकाट झाला. त्याचे ओठ हलले, पण मंत्र उमटला नाही, आणि मंत्रावाचून काळा नगारा फुग्यासारखा फुटला. ते दोन्ही शब्द पाखरांसारखे परत आले. आईच्या कडेवरची एक चिमुरडी घास ढकलत स्पष्ट म्हणाली, “नको!” साऱ्या चौकाने टाळ्या वाजवल्या.

मग राजा पुढे आला. तो म्हणाला, “राजाचा हुकूम कितीही चांगला असो, तिसऱ्या ठोक्यावाचून तो चालणार नाही. आणि तो ठोका कुठल्याही राजाला आपल्या हाती घेता येणार नाही.” त्याने दोन ठोके मारले आणि मान खाली घालून उभा राहिला.

सगुणा म्हणाली, “नाही.”

राजा दचकला.

“आधी तुमच्या कारल्याचं बघू, महाराज. तुम्ही पुष्कळ खाल्लंत. आता सुटका म्हणून हुकूम काढा, त्याचाही ठोका मीच देते.”

लोक इतके हसले, की राजालाही हसू आवरेना. राजाने तोही हुकूम काढून दोन ठोके मारले, आणि हेमांगीने टिपरू सगुणाच्या हातात दिलं. तिने पदर खोचला आणि दोन्ही हुकमांना ठोका असा दिला, की तळ्याकाठी दात घासणारी मगर क्षणभर थांबली. त्यानंतर धूम्रकेशाला त्यांनी

आई हाक मारते आहे. ताटं वाढली आहेत, आणि वासावरून आज भाजी कसली आहे ते कळतंच आहे. हो आई, आले, पण आधी मला एवढं