सावलीची हद्द

त्या प्रदेशात सावली एकाच ठिकाणी उरली होती. चहूकडची राने विरळ झाली होती, ओढे आटले होते. मधोमध मात्र एक देवराई घनदाट उभी होती. तिथले रहिवासी सुखी आणि नीटनेटके होते. झडलेला पालापाचोळा ते दर वर्षी उतारावरून पूर्वेकडच्या रानात लोटून देत, त्यामुळे देवराईची जमीन नेहमी स्वच्छ राही.

देवराईला एकच नियम होता: ज्याच्या अंगावर तिची सावली पडेल, त्याला कोणी हाकलायचे नाही. हा नियम कोणी घातला, हे सांगता येत नसे. या रहिवाशांचेच पूर्वज कधीतरी धापा टाकत या झाडांखाली येऊन थांबले आणि तेव्हा तो बोलला गेला, असे त्याच्या शब्दांवरून वाटते. पौर्णिमा सरली की दुसऱ्या सकाळी सगळे जमून तो मोठ्याने म्हणत आणि म्हणताना पुष्कळांच्या माना अभिमानाने ताठ होत.

एका उन्हाळ्यात पूर्वेकडच्या रानात वणवा पेटला. वाळक्या पाल्यावरून तो पाहता पाहता पसरला. जे वाचले ते देवराईकडे धावले आणि तिच्या काटेरी कुंपणापाशी अडले. त्यांत एक हरिणी होती. तिच्या पाडसाची पाठ होरपळली होती. ऊन लागले की ते कळवळून खाली बसे. म्हणून ती सूर्याच्या आड उभी राहून त्याला आपल्या अंगाच्या छायेत ठेवी.

कुंपणावर वानरांचा पहारा होता. हरिणीने आत घेण्याची विनवणी केली.

“नियम आहे, बाई,” एक वानर म्हणाला. “सावलीत असतीस तर कोणी बोट लावलं नसतं. तू तर उन्हात उभी.”

“आत आल्याशिवाय सावलीत कशी येऊ?”

“ते आम्हाला काय ठाऊक? आम्ही पहारेकरी.”

पण सूर्य पश्चिमेला कलला आणि झाडांची सावली कुंपण ओलांडून बाहेर सरकू लागली. ती हरिणीच्या पायांशी आली.

“खूर तेवढे सावलीत आलेत तिचे,” दुसरा वानर हसला. “खुरांना ठेवून घेऊ, बाकीची जाऊ दे!”

थोड्या वेळाने हरिणी आणि पाडस दोघेही पूर्ण सावलीत होते. आता कोणी हसले नाही. एक वानर धावत देवराईच्या प्रमुखाकडे, थोरल्या गव्याकडे गेला.

गवा न्यायी होता. तो म्हणाला, “तिचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं. उद्या सकाळी ऐकू.”

सकाळी गवा कुंपणाशी आला तेव्हा देवराईची सावली पश्चिमेला गेलेली होती. हरिणी लख्ख उन्हात उभी होती.

“थोरले, काल संध्याकाळी सावली माझ्यावर होती,” ती म्हणाली. “आज संध्याकाळीही असेल. तेव्हा या. माझं राहू द्या, या लेकराची पाठ तरी बघा.”

गव्याने पाठ पाहिली आणि मान फिरवली. तिच्या बोलण्यात त्याला खोट दिसेना. त्याने सभा बोलावली. काहींनी नियमच बदलावा असे सुचवले, तेव्हा तो संतापला. “या नियमामुळे आपण आपण आहोत. त्याच्या एका शब्दाला हात लावायचा नाही.”

मग नियमांचे जाणते मानले जाणारे वृद्ध साळिंदर काटे सावरत उठले. “शब्दाला कशाला हात लावायचा?” ते शांतपणे म्हणाले. “सावली बाहेर पडू नये, एवढंच पाहू. त्यात नियम कुठे मोडतो?”

सभेला हायसे वाटले. दुपारपर्यंत वानरांनी पूर्वेकडच्या झाडांचे शेंडे मोडून टाकले.

संध्याकाळी सावली तरीही बाहेर आली, कारण मागची झाडे पुढच्यांपेक्षा उंच होती. मग मागच्यांचे शेंडे गेले. त्यांच्यामागे आणखी उंच झाडे होती. नुसत्या शेंड्यांनी भागेना, तेव्हा फांद्या उतरवल्या; फांद्यांनी भागेना, तेव्हा साळिंदराने आपल्या जातभाईंकडून खोडांच्या साली सोलवल्या, म्हणजे झाडे उभीच वाळतील.

एका शेकरूचे घरटे फांदीसकट खाली आले. “अहो, आपण राहायचं कुठे?” तिने गव्याला विचारले.

“देवराईतच,” गवा म्हणाला. “तिचं रक्षण करतोय आपण.”

कुंपणाबाहेर काही जण उन्हाने मेले, काही पुढे निघून गेले. हरिणी गेली नाही. पाडसाला चालवत नव्हते. सूर्य सरके तशी ती सरकत राही, आणि तिच्या छायेत पाडसाच्या पाठीवर हळूहळू खपली धरत होती.

पुढे एक संध्याकाळ अशी आली की, देवराईची सावली कुंपणाबाहेर पडलीच नाही. वानरांनी आरोळी ठोकली.

पौर्णिमा सरली. दुसऱ्या सकाळी सगळे नियम म्हणण्यासाठी जमले. एक शब्दही इकडचा तिकडे न होता तो म्हटला गेला. पण या वेळी म्हणणाऱ्यांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या, आणि म्हणून होताच जो तो निष्पर्ण खोडांच्या रेघांएवढ्या छायेसाठी दुसऱ्याला ढकलू लागला. थोरला गवा त्या गर्दीत शिरला नाही. ते त्याला शोभले नसते. तो उन्हातून एकटाच चालत राहिला, आणि चालता चालता एके ठिकाणी त्याच्या तापलेल्या खुरांना गारवा लागला. तो थबकला. डोळे मिटून क्षणभर तसाच उभा राहिला.

डोळे उघडून त्याने खाली पाहिले. ती सावली कोणत्याही झाडाची नव्हती. तिला चार सडपातळ पाय होते, लांब मान होती, दोन कान होते.

कुंपणापलीकडे हरिणी उगवतीकडून येणाऱ्या उन्हाच्या आड उभी होती. तिने गव्याच्या खुरांकडे पाहिले. मग पाडसाला नाकाने आपल्याकडे ओढून घेतले, गव्यासाठी थोडी जागा केली, आणि ती न हलता उभी राहिली.