बारा कोसांचा बाण

पुष्कळ वर्षं झाली. इतकी, की ती मोजणारेही आता उरले नाहीत. दोन राज्यं होती आणि दोन्हींच्या मधे एक लांबच लांब खोरं होतं. दोन्ही राज्यांत चावी दिली की उडणारी, यंत्राची पाखरं होती. पश्चिमेकडे लाकडी गरुड, पूर्वेकडे लोखंडी ससाणे. पाठीवर स्वार, कपाळावर भिंगाचा डोळा आणि पंखाखाली बाण. डोळा शत्रूला हुडकायचा, बाण त्याला गाठायचा.

पूर्वेचे ससाणे नवे होते. पश्चिमेत ते कुणी जवळून पाहिलेच नव्हते. आणि जे कुणी पाहिलेलं नसतं, त्याबद्दल माणसं किती बोलतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

पश्चिमेच्या राजधानीत एक कारागीर राहत होता. बायको लवकर गेली, तेव्हा एकुलत्या लेकीला त्यानं एकट्यानं वाढवलं. लेक मोठी झाली ती थेट गरुडावर जाऊन बसली. ती दिवसभर आभाळात आणि बाप अंगणात मान वर करून! शेवटी जिवाला विरंगुळा म्हणून त्यानं एक खेळ तयार केला. मोठा पट, त्यावर कोसाकोसाची घरं, एका बाजूला गरुडांच्या सोंगट्या, दुसऱ्या बाजूला ससाण्यांच्या. डोळा उघडला की शत्रू दिसायचा. पण उघडा डोळा चमकायचा, म्हणून आपणही शत्रूला दिसायचो. असे त्याचे गमतीदार नियम होते.

खेळ लोकांनी अगदी डोक्यावर घेतला. पारावर, नदीच्या घाटावर, न्हाव्याच्या दुकानात डाव पडू लागले.

गरुडाचा बाण चौदा कोस जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ससाण्याचा किती? कारागिरानं आधी वीस लिहिले. झालं, प्रत्येक डाव ससाणेच जिंकू लागले. "गरुड घ्यायचे म्हणजे नुसता मार खायचा! असला कसला खेळ?" असं म्हणून लोक पट उधळून उठू लागले. मग त्यानं आठ करून पाहिले, तर ससाणे घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी बारा केले आणि डाव असे रंगले की लोक जेवायचं विसरले. कारागीर खूश झाला. बारावर त्यानं शिक्कामोर्तब केलं.

आता पुढची गंमत बघा. हे बारा कोस खेळणाऱ्यांच्या तोंडून बाजारात गेले, बाजारातून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर सरहद्दीला पोचले. तिथे सेनापतीचे हेर कान टवकारून बसलेलेच होते. ते धापा टाकत परत आले आणि म्हणाले, "पक्की खबर आहे! ससाण्याचा बाण बाराच कोस जातो. एकानं नाही, दहा जणांनी सांगितलं."

सेनापतीला आनंद मावेना. त्यानं कारागिराला भर दरबारात शाल पांघरली. "न पाहता ओळखलंस! तुझ्यासारखा जाणकार राज्यात दुसरा नाही."

कारागिरानं बोलायला तोंड उघडलं होतं. पण लोक टाळ्या वाजवत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच राजानं त्याच्याकडे पाहून मान डोलावली होती. तो गप्प राहिला. वाईट माणूस नव्हता हो तो. तुम्हीआम्ही तरी त्या जागी काय केलं असतं?

चार दिवसांनी दुपारी लेक घरी जेवायला आली. पाटावर बसता बसता म्हणाली, "उद्या सकाळी निघतोय, बाबा. त्यांच्या गडापासून तेरा कोसांवर जाऊन बाण सोडायचे. आमचे त्यांना पोचतात, त्यांचे आम्हाला पोचत नाहीत. सगळ्यांत पुढे माझा गरुड."

"तेरा कोस? हे कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? ससाण्याचा बाण बाराच कोस जातो, तुमच्याच पटावर आहे ना! बाकीचे स्वार जरा कचरत होते. मी म्हटलं, माझ्या बाबांचा आकडा आहे, बिनघोर चला."

कारागिराच्या हातातला घास तसाच राहिला. तो उठला आणि हातही न धुता, अनवाणी, दरबाराकडे धावत सुटला. काय झालं ते न कळून लेकही मागोमाग निघाली.

"महाराज," तो धापा टाकत म्हणाला, "बारा हा आकडा मी मनानं बसवलाय. खेळ रंगावा म्हणून!"

सेनापती खवळला. "काहीतरी बडबडू नकोस. माझ्या हेरांनी खात्री केली आहे."

"हेरांना विचारा, त्यांना कुणी सांगितलं."

हेरांना बोलावलं. त्यांना व्यापाऱ्यांनी सांगितलं होतं. व्यापाऱ्यांनी बाजारात ऐकलं होतं. बाजारात कुणाकडून? म्हातारा हेर डोकं खाजवत म्हणाला, "पट खेळणाऱ्यांकडून, महाराज."

राजा पुढे झुकला. "बरं, मग खरा आकडा किती?"

सगळ्यांच्या नजरा कारागिराकडे वळल्या. 'वीस' म्हणून मोकळं व्हावं, पुन्हा शहाणा ठरावं, असं त्याला क्षणभर वाटलंसुद्धा. सवय लागली होती ना! तेवढ्यात दारात उभी असलेली लेक त्याला दिसली.

"मला माहीत नाही, महाराज."

सेनापती हसला. "पोरीच्या काळजीनं म्हातारा घाबरलाय, दुसरं काही नाही."

"घाबरलोय, खरंच घाबरलोय," कारागीर म्हणाला. "पण माझ्या अंदाजावर कुणाचंच लेकरू पाठवू नका."

राजानं विचार केला आणि हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या गरुडावर वाळूचं पोतं बांधलं, त्याला स्वाराचा अंगरखा चढवला आणि चावी देऊन गरुडाला सरळ पूर्वेच्या गडाकडे सोडलं. खोऱ्यात कोसाकोसाला चौकी होती. गरुड डोक्यावरून गेला की चौकीनं पांढरं निशाण दाखवायचं, पडला तर लाल, आणि मागच्या चौक्यांनी तेच निशाण दाखवत खबर तटापर्यंत पोचवायची. तटावर सगळं गाव जमलं होतं. कारागिराला तर तिकडे बघवत नव्हतं.

निशाणं एकामागून एक पांढरी होत गेली. गडाला पंचवीस कोस राहिले, वीस राहिले, अठरा राहिले. सतरा कोस राहिले, त्या चौकीवर लाल निशाण चढलं.

मोहीम तिथेच थांबली. सेनापतीनं खाली मान घालून कारागिरापुढे हात जोडले, आणि राजानं बाणांऐवजी दूत पाठवले. पूर्वेच्या राजालाही लढायची फारशी हौस नव्हती म्हणतात.

लेक मात्र तटावर गोरीमोरी होऊन उभी होती. "बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सगळे मला शहाणा म्हणत होते गं," तो म्हणाला. "मला ते फार आवडलं." आणि तो सगळ्यांदेखत रडला.

लेक दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाटावर येऊन बसली आणि त्यानं तिला वाढलं.

तात्पर्य : अंदाज खेळात खुशाल करावा, पण जिथे दुसऱ्याचा जीव पणाला लागतो, तिथे 'मला माहीत नाही' म्हणायला लाजू नये.