चांदटेकडीची नागव्वा

कृष्णेवर पूल झाला, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. खाली दक्षिणेत, नदीकाठच्या आमच्या शिरगुंडीत नागव्वा नावाची नावाडीण होती. पलीकडच्या तीरावर चांदटेकडी आणि टेकडीवर बुद्धाचा जुना, पडका स्तूप. त्याच्या पांढऱ्या दगडांवर हत्ती, कमळं, झाडाखाली हात जोडून बसलेल्या बायका कोरलेल्या. कुठून कुठून यात्रेकरू यायचे. त्यांची भाषा नागव्वाला कळायची नाही. पण स्तूपाभोवती फिरून, टेकडीवरच्या धबधब्याखाली अंघोळ करून ते परतले, की त्यांच्या चेहऱ्यांवरचा शीण गेलेला तिला दिसायचा. त्यांना घेऊन होडी निघाली की नदी आपोआप संथ व्हायची, असं म्हणतात.

मग देसायाने नवी गढी बांधायला काढली. चुना हवा होता. कारभारी म्हणाला, "टेकडीवर फुकटचा दगड पडलाय. भाजा तोच." सगळं गाव पहारी घेऊन गेलं. नागव्वाचा सख्खा भाऊ यल्लाप्पाही गेला.

नागव्वा चुन्याच्या भट्टीसमोर आडवी आली.

"अगं, आपले देव नाहीत ते," कारभारी म्हणाला.

"पाहुण्यांचे तर आहेत? उद्या त्यांना काय दाखवू मी?"

तिला धरून बाजूला केलं. हत्ती गेले, कमळं गेली, बायका गेल्या. दगड तडकताना भट्टीतून रडणं ऐकू यायचं, असं म्हणतात.

बुद्धाची पावलं कोरलेली एक शिळा तेवढी उरली. नागव्वाने ती ओढत होडीत घातली आणि होडी पाण्यात लोटली. नदी चढलेली होती. मधोमध होडी कलंडली.

"यल्लू, हात दे रे!"

यल्लाप्पासारखा पोहणारा पंचक्रोशीत नव्हता. त्याने काठावर उभ्या असलेल्या देसायाकडे पाहिलं. यल्लाप्पा जागचा हलला नाही.

होडी बुडाली. शिळा मात्र पाण्यावर तरंगत, धारेच्या उलट, डोंगराकडे गेली, असं म्हणतात. नागव्वा सापडली नाही.

गढीचा चुना कधी वाळलाच नाही. हात लावला की ओल लागायची. शेवटी गढीही पडली. उरलेला चुना गावाने आपापल्या घरांना फासला होता, हे मात्र आम्ही सांगत नाही. आजही लोक अवशेष बघायला येतात, विचारतात, "इथली शिल्पं कुठं गेली?" आम्ही म्हणतो, "पुरात वाहून गेली."

आषाढी पौर्णिमेला, नागव्वाच्या नावाने, शिरगुंडीत कुणी पानाला चुना लावत नाही. लहानथोर सगळे नदीकाठी उभे राहून नुसतं कडवट पान चावतात. कुणाचं तोंड रंगत नाही. कुणी कुणाशी बोलतही नाही.