सोंडूचं भोक कुणी खाल्लं?

स्वयंपाकघरात फळी. फळीवर डबा. डब्यात मॅकरोनी. मॅकरोनीला भोक. आणि भोकात कोण?

भोकात राहायचा सोंडू!

सोंडू म्हणजे सोंडकिडा. गव्हात सापडतो, रव्यात सापडतो, तोच. तिळाएवढा. पण नाकाला सोंड! सोंड असली म्हणून कुणी हत्ती होत नाही. पण हे सोंडूला कुणी सांगितलंच नव्हतं. तो आपला हत्तीसारखा चालायचा. टुक टुक टुक!

त्याचं भोक फार छान होतं. दोन्हीकडून दार. पाहुणे आले इकडून, की सोंडू पसार तिकडून!

एकदा काय झालं, सोंडू फिरायला गेला. फळीच्या टोकापर्यंत. टुक टुक टुक.

तेवढ्यात त्या घरातल्या छोट्या शर्वीला लागली भूक. शर्वीचे बाबा आले. त्यांनी डबा उलटा केला. खळ्ळ खळ्ळ खळ्ळ! सगळी मॅकरोनी पातेल्यात. पाणी उकळलं. रट रट रट! शर्वीनं खाल्ली. मट मट मट!

सोंडू परत आला. बघतो तर काय? डबा रिकामा!

"माझं घर कुठंय? माझं भोक कुठंय?"

"मी खाल्लं!" शर्वी म्हणाली. तोंड भरलेलं होतं. "भोकसुद्धा!"

सोंडूला रडूच फुटलं. आता झोपायचं कुठं? बटणाच्या भोकात? पाय बाहेर येतात. मेदुवड्याच्या भोकात? तेलकट! शर्वीच्या नाकात? नको रे बाबा, तिथं आधीच गर्दी आहे.

सोंडू गेला डब्याकडं. टुक टुक टुक.

"ई! सोंडकिडा!" डबा म्हणाला. "का रे रडतोस?"

"बाबांनी शिजवलं घर,
शर्वीनं खाल्लं भोक.
सांगा, मी राहू कुठं?"

डबा म्हणाला, "मी रिकामा. दुकान पाकीट देईल, तर मी घर देईन."

सोंडू गेला दुकानात. टुक टुक टुक. दुकानात बसले होते लुणावतकाका.

"ई! सोंडकिडा!" काका ओरडले. "अरे, गिऱ्हाईक बघेल ना! का रे रडतोस?"

"बाबांनी शिजवलं घर,
शर्वीनं खाल्लं भोक,
डबा म्हणतो, मी रिकामा.
सांगा, मी राहू कुठं?"

काका म्हणाले, "पाकीट नाही. ट्रक खोकं देईल, तर मी पाकीट देईन."

सोंडू निघाला ट्रककडं. टुक टुक टुक. एक दिवस चालला. दोन दिवस चालला. तीन दिवस चालला. ट्रक रस्त्याच्या पलीकडेच होता. पण तिळाला रस्ता केवढा!

"ई! सोंडकिडा!" ट्रक म्हणाला. घर्र घर्र. "का रे रडतोस?"

"बाबांनी शिजवलं घर,
शर्वीनं खाल्लं भोक,
डबा म्हणतो, मी रिकामा,
दुकान म्हणतं, पाकीट नाही.
सांगा, मी राहू कुठं?"

ट्रक म्हणाला, "खोकं नाही. बोट पेटी देईल, तर मी खोकं देईन. बस, सोडतो बंदरावर."

घर्र घर्र, घर्र घर्र. आलं बंदर. बंदरावर बोट. ही एवढी मोठ्ठी!

"ई! सोंडकिडा!" बोट म्हणाली. भोंऽऽऽ! "का रे रडतोस?"

"बाबांनी शिजवलं घर,
शर्वीनं खाल्लं भोक,
डबा म्हणतो, मी रिकामा,
दुकान म्हणतं, पाकीट नाही,
ट्रक म्हणतो, खोकं नाही.
सांगा, मी राहू कुठं?"

बोट म्हणाली, "पेटी नाही. मॅकरोनीच्या गावची मावशी वाळवण देईल, तर मी पेटी देईन. चल, तिकडंच निघालेय."

एवढी मोठ्ठी बोट. आणि आत प्रवासी किती? एक. तोही तिळाएवढा. तरी बोटीनं भोंगा वाजवला. भोंऽऽऽ!

एक समुद्र झाला. दोन समुद्र झाले. तीन समुद्र झाले. चौथ्यात सोंडूला उलटी झाली. पाच झाले, सहा झाले, सात झाले. आणि आलं मॅकरोनीचं गाव!

गावात होता कारखाना. कारखान्यावर गच्ची. गच्चीवर चादरी अंथरलेल्या. आपल्याकडं कुरडया वाळत घालतात ना, तशा. चादरींवर काही म्हणजे काही नव्हतं. तरी रोझीनामावशी काठी घेऊन बसली होती. कावळे हाकलत होती. "हूऽऽश! हूऽऽश!" हाताला सवय, दुसरं काय!

"ई! सोंडकिडा!" मावशी ओरडली. "वाळवणात नको हं! का रे रडतोस?"

"बाबांनी शिजवलं घर,
शर्वीनं खाल्लं भोक,
डबा म्हणतो, मी रिकामा,
दुकान म्हणतं, पाकीट नाही,
ट्रक म्हणतो, खोकं नाही,
बोट म्हणते, पेटी नाही.
सांगा, मी राहू कुठं?"

मावशी म्हणाली, "वाळवण नाही. यंत्र ओलं ओलं देईल, तर मी वाळवण देईन. ते मेलं आळशी झालंय. नुसतं बसून असतं!"

सोंडू गेला खाली. टुक टुक टुक. मावशी गेली मागून. थप थप थप.

खाली होतं यंत्र. चकलीचा सोऱ्या असतो ना घरी? तस्संच. पण हत्तीपेक्षा मोठं. वरून रव्याचं पीठ घाला, खालून मॅकरोनी काढा.

यंत्र काही ओरडलं नाही. ई म्हणालं नाही. सोंडकिडा म्हणालं नाही. त्याच्या तोंडून शब्द धड फुटेना. "ह्म्म्म! ह्म्म्म! का ले ललतोस?"

"बाबांनी शिजवलं घर,
शर्वीनं खाल्लं भोक,
डबा म्हणतो, मी रिकामा,
दुकान म्हणतं, पाकीट नाही,
ट्रक म्हणतो, खोकं नाही,
बोट म्हणते, पेटी नाही,
मावशी म्हणते, वाळवण नाही.
सांगा, मी राहू कुठं?"

"माझंच भोक बुजलंय!" यंत्र कसंबसं म्हणालं. ह्म्म्म! "मागं एकदा काम झालं. मला कुणी धुतलंच नाही. पीठ वाळून बसलंय भोकात. दगडासारखं! कुणी ते काढील, तर मी ओलं ओलं देईन."

"यंत्र धुवायचं कुणी असतं?" सोंडूनं विचारलं.

मावशी एकदम छताकडं बघायला लागली.

"कावळा आला वाटतं," ती म्हणाली. "हूऽऽश!"

छताला कावळा नव्हता हं! कळलं ना, कोण विसरलं होतं ते?

मग मावशीनं भोकात बोट घातलं. बोट जाडं! चमचा घातला. चमचा वाकला! काडी घातली. काडी मोडली! कट्!

सोंडू भोकाजवळ गेला. त्यानं वास घेतला. रवा! वाळलेला, कडक, खमंग रवा! आणि सोंडू किती दिवसांचा उपाशी!

त्यानं सोंड लावली.

कुर्र कुर्र कुर्र! कुर्र कुर्र कुर्र!

थोडा आत गेला. आणखी आत गेला. दिसेनासा झाला. नुसता आवाज. कुर्र कुर्र कुर्र!

"सोंडू, बाहेर ये रे!" मावशी घाबरून म्हणाली. "पीठ सुटलं तर?"

आणि पीठ सुटलंच!

फट्! सळ्ळ सळ्ळ सळ्ळ! मॅकरोनीच मॅकरोनी! ओली ओली, लांब लांब. कच कच तुकडे पडले.

"वा! सोंडकिडा!" यंत्र ओरडलं. अगदी स्पष्ट!

पण सोंडू कुठंय? मावशी इकडं बघते. मावशी तिकडं बघते. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मी धुतलं असतं, तर असं झालं नसतं," ती म्हणाली.

तेवढ्यात एका मॅकरोनीतून सोंड बाहेर आली. एवढीशी!

सोंडू आत होता. भोक त्याच्याभोवतीच तयार झालं होतं. अगदी मापाचं! दोन्हीकडून दार!

मग काय!
सोंडूनं काढला गोळा,
यंत्रानं दिलं ओलं ओलं,
मावशीनं दिलं वाळवण,
बोटीनं दिली पेटी,
ट्रकनं दिलं खोकं,
दुकानानं दिलं पाकीट,
डब्यानं दिलं घर!

आणि सोंडू? तो घरातच होता. घरातच वाळला, घरातच सात समुद्र ओलांडून आला, घरातच डब्यात पडला. आणि गाढ झोपला. घुर्र घुर्र!

झाली का गोष्ट? कुठली व्हायला!

शर्वीला परत भूक लागली.

बाबांनी पाणी ठेवलं. रट रट रट! बाबांनी डबा उचलला. डबा उलटा केला. खळ्ळ खळ्ळ!

सोंडूला जाग आली. खाली वाफ! खाली पाणी! आता सगळं सांगायला वेळ कुठं होता? डबा नाही, दुकान नाही, बोट नाही, मावशी नाही. सोंडू जोरात एवढंच ओरडला,

"मी राहू कुठं?"

"बाबा, थांब!" शर्वी म्हणाली. तिनं हात पुढं केला. झेलली! एकच मॅकरोनी. छोटीशी.

"अगं, भाजेल ना!" बाबा म्हणाले. "काय आहे त्यात?"

शर्वीनं भोकात डोळा लावला. भोकातून सोंड बाहेर आली.

"ई! सोंडकिडा!" बाबा ओरडले. "फेक, फेक!"

"नाही फेकणार," शर्वी म्हणाली. "त्याचं मागचं घर मी खाल्लं होतं. भोकसुद्धा."

बाबांनी डबा खाली ठेवला.

शर्वीनं ती मॅकरोनी खिडकीत ठेवली. ऊन येतं, तिथं. शेजारी ठेवला रव्याचा एक दाणा. सोंडू या दारातून बाहेर आला. त्या दारातून आत गेला. टुक टुक टुक! अगदी हत्तीसारखा.

एवढी लांब गोष्ट, एवढ्याशा भोकात मावली.

आता तुमच्या ताटातली मॅकरोनी संपवा बघू. पण खायच्या आधी भोकात डोकावायचं. आणि विचारायचं, "कुणी आहे का घरात?"