कुंभारतळ्याची माती

बव्हेरियाच्या उत्तरेकडे, जिथे डोंगर फार उंच होत नाहीत आणि ओढ्यांना फार घाई नसते, तिथे वेंडेल्सरीड नावाचे एक बाजारगाव आहे. शहर म्हणावे तर लहान. खेडे म्हणावे, तर आठवड्याचा बाजार भरवण्याचा हक्क त्याला फार जुन्या काळी मिळालेला. मधोमध एकच रुंद रस्ता, दोन्ही अंगांना उतरत्या छपरांची घरे, वरच्या टोकाला पिवळ्या दगडाचे चर्च आणि खालच्या टोकाला ओढा. एवढेच गाव. चर्चच्या मागची चढण चढून गेले की झाडीत एक तळे लागते. त्याला कुंभारतळे म्हणतात.

तळ्याच्या काठची माती करडी आहे, आणि इतकी मऊ की हातात घेतली तर टाकवत नाही. लांबून आलेले कुंभार ती बोटांनी चोळून बघतात आणि विचारतात, अशी माती असून तुमच्या गावात एकही चाक कसे नाही? ते खरेच आहे. वेंडेल्सरीडच्या बाजारात मडकी येतात ती परगावची. मग गाव दाखवायला आलेला कोणीतरी म्हातारा तिथल्या बाकावर बसतो, चढण चढल्याचा दम खातो, आणि ओटिलीची हकीकत सांगतो.

ओटिली ही इथली कुंभारीण. तिचा नवरा कास्पर आणि ती, दोघे मिळून तळ्याची माती काढत, मळत, चाकावर धरत. त्यांच्या मडक्यांत दूध उन्हाळ्यातही नासत नसे, असे सांगतात. चाक दोघेही चालवत, पण मडक्याचा गळा ओढायचा तो ओटिलीनेच. तिच्या हाताखाली माती आपणहून वर येई म्हणे.

त्याच गावात फाइट नावाचा गुराखी होता. एकटा जीव. सगळ्या गावाची गुरे राखायची आणि कोणाच्या तरी घरी जेवायचे. एका उन्हाळ्यात तो कुरणावर झाडाखाली आडवा झाला आणि त्याला झोप लागली. गुरे खाली उतरली, ती नेमकी कास्परच्या अंगणात. मोठ्या जत्रेसाठी केलेली मडकी तिथे वाळत घातली होती. एकही उरले नाही. जत्रा तोंडावर आलेली. कास्परने पुन्हा चाक धरले. खाणे नाही, झोप नाही, पाय दिवसभर ओल्या मातीत. मडकी झाली, पण त्याला ताप भरला, आणि जत्रेच्या आधीच तो गेला.

मातीला सगळे गाव आले. फाइटही आला आणि ओटिलीपुढे त्याने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. तिथेच, उघड्या खड्ड्याच्या काठाशी, ती देवाला साक्षी ठेवून म्हणाली की हा हात कधी या माणसाच्या हातात गेला, तर त्या दिवसापासून या हाताला माती धरू नये. कुंभारणीने घ्यावी अशी याहून मोठी शपथ नव्हती.  फाइटने हात मागे घेतला आणि तो सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

त्यानंतर तो दर शरदात तिच्या कुंपणाशी फोडलेल्या लाकडांची रास आणून टाकी. ती त्या राशीला हात लावत नसे. लाकडे तिथेच कुजत, त्यांवर अळंबी उगवत, आणि पुढल्या वर्षी तो शेजारी नवी रास टाकी. दोघांपैकी कोणीही कधी काही बोलले नाही. अशी वर्षे गेली. ओटिली म्हातारी झाली, तिचा मुलगा योर्ग चाकावर बसू लागला.

मग ते लांबलेले युद्ध या मुलखात आले. आधी एका बाजूचे सैनिक आले, मग दुसऱ्या. दोघांनीही धान्यच नेले. सैन्यामागून रोगराई आली, आणि जे उरले त्यांनी गाव सोडायचे ठरवले. रानापलीकडे, डोंगराच्या आडोशाला जायचे. योर्ग बायकोला आणि पोराला घेऊन निघाला. आईला म्हणाला, चल. ती म्हणाली, माझ्या गुडघ्यांना रान ओलांडवणार नाही. त्याने पाठीवर घेतो म्हटले. ती म्हणाली, पाठीवर पोराला घे.

निघताना दारात उभा राहून तो जे बोलला, ते तिच्या मनात राहिले. “आई, गावाचा बाजार मोडला तर परत येऊन तरी काय करायचं? शेती म्हणावी तर हे दगड. बाजार होता म्हणून आपण होतो.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बाजाराच्या हक्काला एक अट होती, आणि ती लहान मुलालाही पाठ होती. सौदा व्हायचा तो हातावर हात मारून. आणि वर्ष व एक दिवस एवढ्या काळात भर रस्त्यात असा एकही सौदा झाला नाही, तर बाजार मोडला असे धरायचे आणि हक्क खालच्या उंटरहोफ गावाला द्यायचा. उंटरहोफवाले कधीपासून त्यावर डोळा ठेवून होते.

सगळे गेले. पुढच्या गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, ओटिली एक मडके घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली. वारा सुटला होता, कुणाच्या तरी घराचे दार आपटत होते. दुपार झाली तेव्हा वरून एक लंगडी गाय आली आणि तिच्यामागून फाइट. सैनिकांनी त्याच्यासाठी ती एकच गाय सोडली होती, आणि तिला सोडून तो जाणार कुठे? त्याच्या काखेत चीजचा एक गोळा होता. तो थोडा लांबच थांबला.

ओटिली त्याच्याशी बोलत नव्हती, म्हणून ती मडक्याशी बोलली. “गिऱ्हाईक आलंय वाटतं तुला. विचार त्याला, चीज देतो का.”

फाइट गाईला म्हणाला, “सांग त्यांना, देतो म्हणून.”

पण सौदा पक्का कसा करायचा? हातात हात देणे आले.  ओटिलीने मांडीवरच्या फडक्यातून ओल्या मातीचा गोळा काढला, भाकरीसारखा थापला आणि आपल्या उजव्या तळव्यावर उभा धरला. फाइटला कळले. त्याने पलीकडून आपला तळवा टेकवला. मध्ये माती होती. हाताला हात लागला नाही आणि बाजारही झाला, असे त्या दोघांनी धरले. शपथ घेणारी कुंभारीण होती म्हणूनच असली तोड तिला सुचली.

तेव्हापासून दर गुरुवारी हाच बाजार. ती मडके आणी, तो चीज आणी, नाहीतर रानातली बोरे. कधी ती मडक्याला सांगे की मागचे चीज फार खारट होते. फाइट गाईला सांगे की मडक्याचा कानही जरा वाकडाच होता. हिवाळ्यात लाकूड फोडायला कोणी नव्हते, तेव्हा तिने कुंपणाजवळच्या राशीतली वरची, बरी उरलेली लाकडे ओढून घरात नेली. ती ओली होती, धूर फार झाला. पण ऊब मिळाली. हे तिने मडक्यालाही सांगितले नाही.

दिवस जड जात. पाणी आणायचे, माती आणायची, गुरुवारपर्यंत जगायचे. तिचे गुडघे सुजत. काही गुरुवारी ती रस्त्यापर्यंत बसत बसत जाई. फाइट तोवर लांब उभा राहून वाट पाही, कारण तिला हात देऊन उठवणे त्याच्या नशिबात नव्हते.

गाव सुटले त्याला वर्ष झाले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारीच, मुलखाच्या सरदाराचा अंमलदार घोड्यावरून आला. सोबत उंटरहोफचे दोन व्यापारी होते. बाजार मोडला हे ठरवून हक्क त्यांना द्यायचा, एवढ्यासाठीच ते आले होते. पाहतात तर रस्त्यात एक म्हातारी बसली आहे, एक म्हातारा उभा आहे, आणि दोघांच्या हातांमध्ये मातीची भाकरी.

अंमलदाराने सगळे विचारून घेतले. तो वाईट माणूस नव्हता. युद्धाने त्यालाही फार हिंडवले होते आणि त्याला घरी जायचे होते. तो म्हणाला, “बाई, हा सौदा मातीचा झाला, हाताचा नाही. कातडीला कातडी लागली पाहिजे. तुमचा वर्षभरात एकही बाजार झालेला नाही. आजचा दिवस मात्र अजून बाकी आहे.”

फाइट पुढे झाला. “साहेब, तुम्ही घ्या त्यांच्याकडून एक मडकं. मला बाजूला ठेवा.”

“हक्क तपासायला येणाऱ्याने सौदा करायचा नसतो.”

फाइटने व्यापाऱ्यांकडे पाहिले. त्यांतला जाडसर होता तो हसला. “आम्ही कशाला घेऊ? आजी, तुम्ही घरी जाऊन पडा. आमच्या बाजारात तुम्हाला एक कोपरा देऊ. सावलीतला.”

 ओटिली हातातल्या मातीकडे बघत होती. या मातीने तिला नवरा असताना आणि नसताना जेवू घातले होते. गुडघे गेले, दात गेले, माणसे गेली. हात तेवढे शाबूत होते. आणि रानापलीकडे योर्ग होता. बाजार उंटरहोफला गेला हे कानावर पडले की तो तिथूनच पुढे कुठेतरी निघून जाणार होता.

सूर्य चर्चच्या मनोऱ्याला टेकला. तिने माती खाली ठेवली. बादलीत हात बुडवून धुतले, बोटांच्या बेचक्यांतली मातीसुद्धा काढली, आणि झग्याला पुसले.

फाइटने दोन्ही हात पाठीमागे नेले. तो म्हणाला, “नको, बाई. हातच गेले तर तुम्ही काय करणार?”

तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलली. “फाइट, मी दमले रे. आण हात इकडे.”

त्याने हात दिला. टाळी काही वाजली नाही, दोघांच्याही अंगात तेवढा जोर नव्हता. हातावर हात पडला आणि तसाच राहिला. मडके त्याचे झाले, चीज तिचे झाले. अंमलदाराने टोपी काढली आणि बाजार चालू आहे असे जाहीर केले. व्यापारी घोडी वळवून निघून गेले. तरी त्या दोघांचे हात तसेच होते. फाइट हात काढून घेईना. इतक्या वर्षांनी मिळालेला हात आपण कसा सोडायचा, असे त्याला वाटले असेल. आणि ओटिलीला, म्हणे, आपला हात कुठे संपतो तेच कळेनासे झाले होते.

घरी जाऊन ती चाकावर बसली. माती वर आली नाही. पसरत राहिली, जशी कोणाही परक्याच्या हाताखाली पसरते. कोणी म्हणतात थंडीने बोटे आखडली, कोणी म्हणतात वय झाले होते. गाव म्हणते, शपथ ती शपथ.

वसंतात लोक परतले. बाजार उभा आहे हे कळले होते. योर्गही आला. त्याने तळ्याची माती काढली, मडकी घडवली, भट्टी लावली. सगळी तडकली. पुन्हा लावली, पुन्हा तडकली. तो आईजवळ येऊन बसला.

“आई, माती टिकत नाही गं.”

“नाही टिकायची आता,” ती म्हणाली. “शपथ हाताची होती, पण ती मातीनेही ऐकली होती.” “तू दुसरं काही विक. विकायला जागा आहे ना?”

योर्गने दोरखंड वळायला घेतले. ओटिली त्यानंतर फार जगली नाही. फाइट तिच्या मातीला आला आणि या वेळी त्याला कोणी मागे उभे राहू दिले नाही.

कुंभारतळ्याची माती आजही भट्टीत तडकते, असे सांगतात. हौशी माणसे करून बघतात आणि निघून जातात. आणि गुरुवारी वेंडेल्सरीडच्या रस्त्यावर दिवसाचा पहिला सौदा आजही हातात हात देऊनच होतो. कितीही थंडी असो, हातमोजा काढायचा. हात धुतलेला हवा. गिऱ्हाइकाने आपण होऊन हात सोडायचा नाही. विकणाऱ्याने सोडला की मग सोडायचा. विकणारे माणूस म्हातारे असले, बोलता बोलता सोडायचे विसरले, तर कोणी आठवण करून देत नाही. बाकीचे दुकानदार माल मांडून उभे राहतात आणि सगळा बाजार तेवढा वेळ थांबतो.