चटई कोणी उचलायची

जवळ सरका, ही गोष्ट घाईत सांगायची नाही. दूर दक्षिणेच्या समुद्रात सामोआ नावाची बेटं आहेत. तिथल्या एका गावात, गोऱ्यांचा अंमल नवा होता तेव्हा, लाउफोआ नावाचा वक्ता होऊन गेला. तो बोलायला उभा राहिला की लाटासुद्धा गप्प बसायच्या, असं म्हणतात.

गोऱ्या साहेबाने गावोगावच्या पंचायती मोडल्या. लाउफोआ होडी घेऊन निघाला. "आपला निवाडा आपणच करायचा," एवढंच तो सांगायचा. गावंच्या गावं उठली. साहेबाचं पित्त खवळलं आणि त्याने तोफांचं जहाज गावासमोर आणून उभं केलं.

लाउफोआची बायको मातालेना, तिच्या तर तोंडचं पाणी पळालं.

"आता काय करणार आहेस?"

"चटईखाली बसतो," तो म्हणाला.

तिथली रीतच तशी. ज्याच्याशी वैर झालं त्याच्या दारात अंगावर चटई ओढून बसायचं. त्याने आपल्या हाताने ती उचलली की वैर संपलं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. साहेबालाही एवढी माणुसकी असेल, असं त्या भाबड्यांना वाटलं. लाउफोआ साहेबाच्या दारात जाऊन चटईखाली बसला. साहेब कसला उठतोय, तो व्हरांड्यात चहा पीत बसला.

ऊन तापलं. चटई श्वासागणिक हलत होती आणि मातालेनाची नजर तिथेच. हलणं जरा थांबलं की ती पुढे सरकायची. न राहवून तिचा हात पुढे गेला. गावच्या वडीलधाऱ्यांनी डोळे वटारले. हात मागे आला.

मग शिपायांनी चटईसकट त्याला उचलून जहाजावर नेलं. पण जहाज काही केल्या हलेना. समुद्रानेच ते धरून ठेवलं होतं, असं म्हणतात. साहेबाने तोफा गावाकडे वळवल्या. तेव्हा चटईखालून आवाज आला, "सोड रे बाबा, जाऊ दे आता." समुद्राने सोडलं. लाउफोआ परमुलखात गेला आणि तिकडेच मातीआड झाला.

मातालेना म्हातारी झाली तरी आपल्या हाताकडे बघत बसायची. एके दिवशी गावातला एक माणूस भांडणानंतर शेजाऱ्याच्या दारात चटईखाली बसला. शेजारी ढिम्म. मातालेना काठी टेकत आली आणि कोणाला न विचारता तिने चटई उचलली.

"ऊठ लाउफोआ," ती म्हणाली, "घरी चल."

तेव्हापासून त्या गावात चटईखाली कोणाला ताटकळत ठेवत नाहीत. वाटेने जाणारा कोणीही थांबतो, चटई उचलतो. खाली बसलेल्याचं नाव काही असो, हाक लाउफोआच्याच नावाने मारतात.