कलमाखालचा धुमारा

झाडं कात्रीशीसुद्धा बोलत, पण माणसांना ते ऐकू येत नसे, तेव्हाची ही गोष्ट. इंदूमावशींनी नर्सरीतून एक कलमी गुलाब आणला आणि गॅलरीत कोरफडीशेजारी ठेवला. आठवड्याभरात त्याची सगळी फुलं गळाली. गुलाब शरमेनं अर्धा झाला.

पण लवकरच त्याच्या बुंध्याशी, कलमाच्या गाठीखाली, एक धुमारा फुटला आणि बघता बघता हातभर वाढला. गुलाबाची छाती फुगली. "बघितलंस? याला म्हणतात वाढ!" तो कोरफडीला रोज ऐकवायचा. इकडे वरच्या फांद्या पिवळ्या पडत चालल्या. त्यातली एक बारकी फांदी पाणी मागू लागली की तो खेकसायचा, "गप्प बस. आधी त्याला पिऊ दे."

एका सकाळी मावशी कात्री घेऊन आल्या आणि त्यांनी थेट तो धुमाराच धरला.

"अहो, चुकताय तुम्ही! ती वरची वाळकी कापा!" गुलाब किंचाळला.

कच्चकन आवाज झाला. धुमारा फरशीवर पडला.

"घात केलास माझा," गुलाब कात्रीला म्हणाला.

"अरे, तो तुझा नव्हताच," कात्री म्हणाली. "तुझं कलम ज्या रानगुलाबावर बांधलंय, त्याचा होता तो. तुझं पाणी पिऊन तुलाच मारत होता. त्याला एक तरी कळी आलेली पाहिलीस का?"

गुलाब हादरला. त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात वरून अगदी बारीक आवाज आला, "आता मी पिऊ का?"